जीर्णोद्धार की जीर्णसंहार?

आमच्या ओळखीच्या एका धर्मग्रामात काही वर्षांपूर्वी चर्चचे नूतनीकरण झाले. ते धर्मग्राम कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ही ओळ वाचताना प्रत्येक वाचकाला आपल्याच गावचे चर्च आठवले असेल, आणि तसे ते आठवावे अशीच माझी इच्छा आहे. महोत्सवी वर्ष होते. समिती नेमली गेली, पावतीपुस्तके छापली गेली, देणगीदारांची नावे कोरण्यासाठी संगमरवरी फलक सर्वांत आधी मागविण्यात आला. मग सागवानी वेदी उतरली. भिंतींवरचा चुन्याचा गिलावा खरवडून तेथे सिमेंट चढले. काळ्या दगडाची फरशी उखडली गेली आणि तिच्या जागी तोंड पाहता येईल अशी लखलखीत लादी बसली. उद्घाटनाच्या दिवशी बँड वाजला, भाषणे झाली, टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकावर एक वृद्ध बाई मात्र पदराने डोळे पुसत होत्या. चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, अंगणात आमच्या मामंजींच्या थडग्यावरचा दगड होता. सर्व मृतांच्या स्मरणदिनी मी तिथे मेणबत्ती लावायची. काल पाहिले, तर तो हातपाय धुवायच्या नळाखाली टाकलेला आहे."

जुन्या करारातील एज्राच्या ग्रंथात असाच एक प्रसंग आहे. यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराचा पाया घातला गेला तेव्हा तरुण आनंदाने गर्जत होते आणि पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडत होते. रडण्याचा आवाज कोणता आणि आनंदाचा कोणता, हे ओळखू येईना. पण ते पहिले मंदिर शत्रूने पाडले होते. आमच्या त्या बाईचे चर्च कोणी पाडले? शत्रूने नव्हे. आपणच पाडले, वर्गणी काढून पाडले, आणि त्याला जीर्णोद्धार असे पवित्र नाव दिले.

या शब्दाचाच आधी विचार करू. जीर्ण झालेल्याचा उद्धार म्हणजे जीर्णोद्धार. आजारी पित्याला औषधपाणी करून उभे करणे हा त्याचा उद्धार होय. त्याला घराबाहेर काढून त्याच्या खाटेवर दुसरा धडधाकट माणूस आणून निजविणे, आणि 'पाहा, वडील किती तरुण झाले' असे शेजाऱ्यांना सांगणे, याला कोणी उद्धार म्हणणार नाही. आमच्या धर्मग्रामांतून आज जे चालले आहे, ते बहुतांशी या दुसऱ्या जातीचे आहे.

आपल्यापाशी जतन करण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न ठाण्यातील तरुण विचारतात. उत्तर आपल्या पायांखालीच आहे. पोर्तुगीजांचे गलबत या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधी, 1321 साली, तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे सोबती असलेले फ्रान्सिस्कन याच ठाण्यात हुतात्मे झाले. जॉर्डानस या दोमिनिकन धर्मगुरूने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक ठाण्यास आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन पूर्वेकडे गेला. इंग्लंडमधील गावोगावची जी मध्ययुगीन चर्चे पाहण्यासाठी आपले लोक पैसे खर्चून जातात, त्यांतील कित्येकांच्या भिंती चढत होत्या त्याच काळातील ही हकीकत आहे.

त्यानंतर सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पुन्हा आले, येशूसंघीय आले, दोमिनिकन आणि ऑगस्टिनियनही आले. वसईच्या किल्ल्यात, साष्टीत, ठाण्यात चर्चे उभी राहिली. मासुंदा तलावाजवळचे संत जॉन बाप्टिस्ट चर्च हा त्याच फ्रान्सिस्कन परंपरेचा वारसा. 1663 हे वर्ष त्याच्या उभारणीशी जोडले जाते. 1737 मध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती गेले, 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे आला, आणि 1825 साली बिशप हेबर यांच्या हस्ते इंग्रजांचे संत जेम्स चर्चही येथे अर्पण झाले. तीन राजवटी आल्या आणि गेल्या. या उलथापालथीत आपल्या पूर्वजांची दप्तरे किती जळाली, किती वाळवीने खाल्ली, याचा हिशेब कोणापाशी नाही. वसईचे मोठे चर्च 1601 साली, आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत पुन्हा बांधले गेले, हे आज आपण ठामपणे सांगतो ते दाराच्या दगडावर कोरलेल्या लेखाच्या आधारे. कागद गेला तरी दगड राहिला. ज्या समाजाची बखर कोणी लिहिली नाही त्याची बखर भिंतीच असतात. आणि भिंत खरवडणारा बखरीचे पान फाडत असतो.

हा रोग आपल्या एकट्याचा नव्हे, म्हणून थोडे दूर पाहू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्चे दुरुस्त करण्याची एक साथच आली होती. तेथील गावच्या चर्चमध्ये एक कमान बाराव्या शतकातील, खिडक्या तेराव्यातील, मनोरा पंधराव्यातील, बाके अठराव्यातील, असे थरावर थर साचलेले असत. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्यासारख्या नामांकित वास्तुशिल्पज्ञांच्या पिढीला हा पसारा वाटला. एक शतक शुद्ध ठरवायचे, बाकीची शतके काढून टाकायची, आणि जे कधी नव्हतेच ते 'मूळ रूप' म्हणून नवे घडवायचे, असा उद्योग सुरू झाला. शेकडो वर्षांचा गिलावा आणि त्यावरील रंगचित्रे खरवडून भिंती उघड्या करण्यात आल्या. जॉन रस्किन यांनी 1849 सालीच इशारा दिला होता की असा जीर्णोद्धार म्हणजे इमारतीच्या नाशाचाच एक प्रकार होय. पुढे कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. लोकांनी तिला गमतीने 'खरवडणाऱ्यांची वैरीण' अशा अर्थाचे नाव दिले. तिचे तत्त्व साधे होते: रोजची निगा राखा, गळती वेळेवर बंद करा, आधार द्यावा लागला तर तो उघडपणे द्या, पण जुन्याचे सोंग घेतलेले नवे उभारू नका.

मॉरिस यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. बर्फर्ड गावच्या चर्चमधील खरवडकाम पाहून ते संतापले, तेव्हा तेथील पाद्री म्हणाले की हे चर्च माझे आहे, मनात आले तर मी यात डोक्यावरदेखील उभा राहीन. वाचकहो, हे उत्तर आपण कोठेतरी ऐकले आहे ना? आपल्याकडे ते कधी धर्मगुरूंच्या तोंडी असते, कधी समितीच्या अध्यक्षांच्या, आणि पुष्कळदा सर्वांत मोठी रक्कम देणाऱ्या देणगीदाराच्या. परंतु चर्च यांपैकी कोणाचेही नाही. ते ज्यांनी बांधले त्यांचे आहे, जे अंगणात चिरनिद्रा घेत आहेत त्यांचे आहे, आणि जे अजून जन्मास यायचे आहेत त्यांचेही आहे. आपण मधल्या पिढीचे राखणदार.

इंग्लंड दूर वाटत असेल तर गोव्याकडे चला. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिका 1605 साली अर्पण झाली. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह तेथे आहे. तिच्या दर्शनी भागावरील कोरीवकामासाठी काळा पाषाण आपल्याच वसईकडून समुद्रमार्गे नेला गेला. म्हणजे त्या वास्तूवर आपल्या पाथरवटांच्या मातीचाही हक्क आहे. तिच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर साडेतीन शतके चुन्याचा गिलावा होता. 1950 नंतरच्या काही वर्षांत बाल्ताझार कास्त्रू या पोर्तुगीज वास्तुशिल्पज्ञाच्या सांगण्यावरून तो गिलावा काढून टाकण्यात आला. जुनी इमारत जुनी दिसावी, एवढाच हेतू! जांभा हा सच्छिद्र दगड. अंगावरचे वस्त्र काढून घेतल्यावर तो पावसाळ्यामागून पावसाळे पाणी पीत राहिला आणि झिजत राहिला. 2020 मध्ये तेथील प्रमुख धर्मगुरूंनी या भिंतींच्या अवस्थेबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली, तेव्हा देशभर चर्चा झाली. एका माणसाच्या अभिरुचीची किंमत पुढल्या पिढ्या अशी मोजतात.

गिलाव्याचा प्रश्न केवळ शोभेचा नाही, त्यात व्यवहार आहे. आपल्या संत जॉन बाप्टिस्टचा सण 24 जूनला, भर पावसाळ्याच्या तोंडी येतो. त्या दिवसांत जुन्या चर्चच्या भिंतीला हात लावून पाहा. तीन-चार फूट जाडीची ती भिंत दगड आणि चुना यांची असते. पाया जमिनीतून ओल ओढतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो आणि पाऊस उघडताच भिंत सुकते. भिंत श्वास घेते, असे जुने गवंडी म्हणत ते याच अर्थाने. चुना, वाळू आणि विटांची सुरखी घाणीत मळायची, काही ठिकाणी त्यात गूळ किंवा हिरडा घालायचा, दिवसेंदिवस ते मुरवायचे, ही त्यांची विद्या होती. आता या भिंतीवर सिमेंट थापले की काय होते? आतली ओल आतच कोंडते. ती वर चढते, क्षार फुटतात, लोणा धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि तुळईची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे लाकूड कुजते. सिमेंट कडक, चुना मऊ. भिंत किंचित हलली की सिमेंटला तडा जातो आणि त्या तड्यातून पुढच्या पावसाचे पाणी आत शिरते. मग पाच-सात वर्षांनी समिती म्हणते, 'पाहा, इमारत किती जुनी आणि धोकादायक झाली आहे. पाडल्यावाचून गत्यंतर नाही.' आधी विष पाजायचे आणि मग रोगी असाध्य ठरवायचा, असा हा न्याय आहे.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकू, कारण ते पोकळ नाही.

पहिले म्हणणे असे की लोकसंख्या वाढली, रविवारच्या मिस्साला माणसे अंगणात उभी राहतात. हे खरे आहे. पण यावरचा उपाय फ्रान्सिस्कनांच्याच घरी आहे. असिसीजवळ पोर्झियुंकोला नावाचे एक चिमुकले प्रार्थनामंदिर संत फ्रान्सिस यांनी स्वतः दुरुस्त केले होते. यात्रेकरूंची गर्दी वाढली, तेव्हा 1569 मध्ये तेथे भव्य बासिलिकेचे काम सुरू झाले आणि ते 1679 मध्ये संपले. ते चिमुकले मंदिर मात्र पाडले नाही. बासिलिका त्याच्याभोवती उभारली आणि आजही ते तिच्या घुमटाखाली सुखरूप आहे. जागा हवी असेल तर शेजारी बांधा, मागे बांधा, भोवती बांधा, आणि नव्याला नवे दिसू द्या.

दुसरे म्हणणे, चर्च म्हणजे दगडविटा नव्हेत, चर्च म्हणजे माणसे. फारच उत्तम! मग ग्रॅनाइटसाठी एवढी वर्गणी कशाला? हे तत्त्व जुने पाडताना आठवते आणि नवे बांधताना विसरले जाते. असिसीच्या फ्रान्सिस यांना सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये प्रभूने आपले घर सावरण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी प्रथम दारोदार फिरून दगड मागितले आणि ती भिंत हातांनी सांधली. माणसांची मंडळी सावरण्याचे मोठे कार्य त्यांनी पुढे केले. पण त्याची सुरुवात एका जीर्ण भिंतीच्या डागडुजीने झाली.

तिसरे म्हणणे अधिक बोचरे आहे: ही चर्चे परकीय सत्तेची निशाणी, ती कशाला कवटाळायची? पोर्तुगीज सत्तेने परधर्मीयांच्या देवळांना दिलेला उपसर्ग आपण नाकारू नये. तो इतिहास आहे. पण भिंती कोणी रचल्या? दगड येथल्या खाणीतला, चुना येथल्या घाणीतला, हात येथल्या पाथरवटांचे, सुतारांचे आणि गवंड्यांचे. त्या वेदींसमोर ज्यांनी गुडघे टेकले ते आपले पणजोबा-खापरपणजोबा होते. 1597 मध्ये नागासाकी येथे क्रुसावर प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया वसईचेच सुपुत्र. हा वारसा परका म्हणून टाकून दिला तर आपले म्हणून दाखवायला काय उरेल? आणि येथे मला एक गोष्ट लाजेने नमूद करावीशी वाटते. वसईच्या विजयानंतर तेथील चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या आणि देवळांत लावल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात अशी घंटा आजही आहे, तिच्यावर 1721 हे वर्ष वाचता येते. वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती आहे. ती कोणी घासून काढलेली नाही. परधर्मीयांनी जिंकून नेलेली वस्तू पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ जपली. आपण आपल्या हाताने उतरविलेल्या वेदी भंगारवाल्याला किलोच्या भावाने घातल्या. जिंकणारा आपल्या ठेव्याचा आपल्यापेक्षा बरा राखणदार ठरावा, यासारखी नामुष्की ती कोणती?

चौथे म्हणणे खर्चाचे आणि सुरक्षिततेचे. धोकादायक इमारतीत माणसे बसवावीत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु इमारत धोकादायक आहे हे ठरविणार कोण? जो कंत्राटदार नवी बांधणार, त्यानेच जुनीला मृत्युदंड द्यावा, हे कोणत्या न्यायात बसते? मुंबईत फोर्टमधील संत थॉमस कथीड्रलला 2004 साली आणि भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चला 2019 साली युनेस्कोच्या वारसा-जतन पुरस्कारांत गौरव लाभला. ती दोन्ही चर्चे उपासनेची जिवंत स्थळे आहेत, वस्तुसंग्रहालये नव्हेत. तेव्हा हे येथे, याच हवेत, याच पावसात साधते हे सिद्ध झाले आहे.

कित्येकांस वाटते की जुन्या वस्तूंबद्दलची आस्था हा काही हौशी लोकांचा छंद आहे आणि धर्माशी त्याचा संबंध नाही. त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 1963 चा उपासनेविषयीचा दस्तऐवज उघडून पाहावा. पवित्र वस्तू आणि मोलाच्या कलाकृती विकल्या जाऊ नयेत वा नष्ट होऊ नयेत याची दक्षता बिशपांनी घ्यावी, असे त्यात बजावले आहे. शक्य तेथे धर्मप्रांतात पवित्र कलेसाठी आयोग असावा, असेही म्हटले आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील 1189 वे कलम सांगते की वय, कला किंवा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या, चर्चमधील प्रतिमांना बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय दुरुस्तीचा हात लावू नये, आणि परवानगी देण्यापूर्वी बिशपांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. रंगाचा डबा घेऊन संतांच्या मूर्तीला गुलाबी गाल काढणाऱ्या आमच्या उत्साही मंडळींपैकी कितीजणांनी ही परवानगी मागितली होती?

मुंबईत 1995 पासून वारसा-वास्तूंची यादी आणि नियमावली आहे, वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पण कायदा सर्वत्र पोहोचत नाही आणि पोहोचला तरी मन बदलत नाही. म्हणून काही मागण्या मी धर्मग्रामांपुढे ठेवतो. प्रत्येक चर्चची नोंदवही करा: प्रत्येक शिलालेख, थडग्याचा दगड, घंटा, मूर्ती आणि वेदी यांची छायाचित्रांसह नोंद. इंग्लंडच्या चर्चने 1955 पासून केले आहे त्याप्रमाणे दर पाच वर्षांनी जाणत्या वास्तुशिल्पज्ञाकडून इमारतीची तपासणी करवून घ्या. पन्हळी आणि कौले वेळेवर पाहिली तर पाडापाडीची पाळी क्वचितच येते. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका. उतरविलेली कोणतीही वस्तू सर्व धर्मग्रामस्थांच्या सभेत विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. आणि महोत्सवाचे निमित्त करून काहीही पाडू नका; वाढदिवसाला कोणी आजोबांचे घर मोडत नाही.

कल्याण-डोंबिवलीतील माझे वाचक म्हणतील, आमची चर्चे नवी, आम्हांला हे कशाला? लोकलमधून उतरून जेथे आपण संसार थाटले, तेथे कोणी वसईहून, कोणी मंगळूरहून, कोणी गोव्याहून, कोणी केरळहून आलेला आहे. 1988 मध्ये तर कल्याण हे सीरो-मलबार धर्मप्रांताचे पीठही झाले. पण सुट्टीत गावी गेल्यावर नूतनीकरणाच्या पावत्या फाडणारे आपणच असतो. शहरात कमावलेला पैसा गावच्या भिंतीवर सिमेंट होऊन चढतो, तेव्हा त्या पावतीवर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. शिवाय आपली नवी चर्चेही एक दिवस जुनी होतील. आज मुलांना आपण जे शिकवू, तेच ती उद्या आपल्या बांधकामाशी करतील.

त्या वृद्ध बाई आता हयात नाहीत. थडग्याचा तो दगड मात्र अजून नळाखालीच आहे. अक्षरे पाण्याने आणि वहाणांनी झिजत चालली आहेत, पण तिरप्या उन्हात आडनाव अजून वाचता येते. तो उचलून, धुऊन, पूर्वीच्या जागी ठेवायला चार माणसे आणि एक सकाळ पुरेशी आहे. जीर्णोद्धार कोठून सुरू करावा असे ज्यांना विचारावेसे वाटते, त्यांनी तेथून करावा.